फळीवर माणूस आहे तोवर

लग्नात सगळ्यात जास्त कोण दमतं असं विचारलं तर लोक लगेच वधूपित्याचं नाव घेतात. काही अर्थ नाही त्यात. वधूपिता निदान पाणी मागू शकतो, कोपऱ्यात खुर्ची ओढून बसू शकतो. खरा दमतो तो अंतरपाट धरणारा. नवरा-नवरीच्या मधे तो कपडा ताणून धरायचा, हात खांद्याच्या वर, आणि वऱ्हाडातल्या एखाद्या हौशी मावशीला गळा फुटला की ती थांबेपर्यंत हलायचं नाही. मी नृसिंह मुळे, पुणतांब्याचा. लोक नृसिंह गुरुजी म्हणतात. पौरोहित्य करता करता माझे दोन्ही खांदे कामातून गेले आहेत, हे माझ्या बायकोला, सुचित्राला, आणि राहात्याच्या हाडांच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. दोघांनीही हळहळणं कधीच सोडून दिलंय.

तर अशा माणसाला राहात्याच्या एका लग्नात नवरीचा भाऊ येऊन सांगतो, "गुरुजी, मंगलाष्टकं तुम्ही म्हणायची नाहीत बरं का. मुलींचा ग्रुप सांगितलाय." माझं डोकंच फिरलं. अहो, मंगलाष्टकं हा भटजीचा एकुलता एक थाट. होमाकडे कोण बघतं? सप्तपदीला नवरीची आत्या आणि फोटोवाला सोडून कुणी नसतं, बाकीचे पंगतीला पळालेले. काय ती हजार माणसं समोर असतात ती मंगलाष्टकांना, आणि तीही आता गेली. स्टेजच्या कडेला बघतो तर चार मुली, सारख्या मोरपंखी साड्या, मागे फ्लेक्स, ‘सुमंगल मुलींचा ग्रुप, राहाता’. एक ऑर्गनवर, एक तबल्यावर, दोघींच्या हातात माईक. म्हटलं घ्या, आता लग्नाचा ऑर्केस्ट्रा झाला. मी तोंड वाकडं करून अंतरपाट धरला.

पहिलं कडवं त्यांच्यातल्या धनश्रीनं म्हटलं. गोड गळा, मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. दुसऱ्याला शेजारची उंच, सावळी मुलगी पुढे झाली, आणि खरं सांगतो, माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. तिनं मुरकी घेतली नाही, हात नाचवले नाहीत, डोळेही मिटले नाहीत. नुसता सरळ आवाज सोडला. तो मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला आणि तिथं जाऊन उभा राहिला. मोबाईलवर बोलणारे गप्प झाले. शेवटच्या ‘सावधान’ला तर तिनं असा सूर धरला की संपेचना. मी वाट बघतोय, आता तुटेल, मग तुटेल. तो तुटला नाही, तिनं तो अलगद खाली ठेवला. अक्षता पडल्या, ताशा वाजला, आणि मी येडबंबू तसाच अंतरपाट धरून उभा. नवरीच्या मामानं कोपर मारलं तेव्हा भानावर आलो. त्या दिवशी खांदे दुखल्याचं मला आठवत नाही.

पंगत चालू असताना मी तिला गाठलं. नाव सुकन्या पालवे. "ही चाल कुठून आणलीस गं?" मी जरा दरडावूनच विचारलं, कारण मंगलाष्टकाची चाल मी जन्मभर घोकलेली आणि ही काही तिच्यात बसत नव्हती. ती म्हणाली, "फळीची हाय, गुरुजी." मला ओ की ठो कळलं नाही. मग तिनं पापड मोडत मोडत जे सांगितलं, ते ऐकून माझं जेवण तसंच राहिलं.

सुकन्या पाथर्डी तालुक्यातली. तिकडे पाऊस येतो तो नुसता हजेरी लावायला. दसरा झाला की अर्धं गाव दारांना कुलपं लावून ऊसतोडीला निघतं. तिचे वडील गोरक्षनाथ आणि आई बायडाबाई दरसाल आमच्याकडच्या गोदाकाठच्या उसात यायचे. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला टोळीत कुणी विचारत नाही. सुकन्या पहिल्यांदा आली ती आईच्या पाठीला बांधून. कारखान्याच्या माळावर उसाच्या वाढ्यांच्या, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याच्या, झोपड्या घालतात, त्यांना कोपी म्हणतात. त्या कोपीत ती रांगायला शिकली.

आता फळीचं. ऊस तोडून त्याच्या मोळ्या बांधतात आणि ट्रकला तिरकी फळी लावतात. चालताना हलणारी, बोटभर जाडीची, एका माणसापुरती. डोक्यावर मोळी घेऊन तिच्यावरून वर चढायचं. डोक्यावर एवढं ओझं असलं की मान वाकवता येत नाही, पायाखालचं दिसत नाही. म्हणून त्यांच्या टोळीत खाली एक बाई उभी राहून गाते. "हळू गं बया, हळू," एवढेच काय ते शब्द. चढणाऱ्यानं त्या चालीवर पाऊल टाकायचं, आणि मोळी ट्रकात पडेपर्यंत खालच्या बाईनं सूर सोडायचा नाही. श्वास घ्यायचा तो चोरून. फळीवर माणूस आहे तोवर सूर तुटता कामा नये, हा त्यांचा नेम.

हे काम रतनबाई नावाची एक म्हातारी करायची. एका हिवाळ्यात बायडाबाई फळीच्या मधोमध असताना रतनबाईला खोकल्याची उबळ आली आणि सूर तुटला. बायडाबाई मोळी घेऊन तशीच थबकली. फळी खालीवर हलतेय, मागं फिरता येत नाही, पुढचं दिसत नाही. तेव्हा ट्रकच्या चाकाशी उसाचं कांडं चोखत बसलेल्या सुकन्यानं ते कांडं टाकलं आणि रतनबाईनं जिथं सोडला होता तिथून सूर उचलला. पोर तेव्हा दुसरीत होती. आई वर पोचेपर्यंत तिनं तो धरून ठेवला आणि मग रडायला लागली. तेव्हापासून फळीखालची जागा तिची झाली. माझ्यासारख्याला आवाज लागावा म्हणून वडिलांनी पहाटे उठवून नदीवर नेलं होतं, तूप-मिरी चाटवली होती. आणि हिला कुणी शिकवलं, तर फळीनं. मी तोंडात बोट घालायचंच काय ते बाकी राहिलं होतं.

बाकीच्या तिघी तिला साखरशाळेत भेटल्या. ऊसतोड्यांच्या पोरांसाठी तळावरच भरते ती शाळा. धनश्री माईकवर, ज्ञानेश्वरी ऑर्गनवर, सविता तबल्यावर. पुढे चौघी कॉलेजसाठी राहात्यात खोली घेऊन राहिल्या. शाळेतल्या बाईंच्या पुतणीच्या लग्नात हौस म्हणून गायल्या, कुणीतरी ते मोबाईलवर सगळीकडे पाठवलं, आणि बघता बघता नगर, श्रीरामपूर, संगमनेर, पार नाशिकपर्यंत त्यांचा टेम्पो पळायला लागला. लोक आधी ग्रुपला फोन करायचे आणि मग मला. मुहूर्त मी काढायचा, पण तो सुकन्या मोकळी असेल त्याच दिवशी निघाला पाहिजे. पंचांग इतकं आज्ञाधारक मी कधी पाहिलं नव्हतं.

भांडायचं तरी किती? मी तह केला. त्या चौघी सवडीनं आमच्याकडे यायला लागल्या, मी त्यांचे संस्कृत उच्चार घासून घ्यायचो, सुचित्रा शिरा करायची. मी ओरडलो की सुकन्या "व्हय गुरुजी" म्हणायची आणि दुसऱ्यांदा बिनचूक म्हणायची. सुचित्रा माझ्यासमोर तिला सांगायची, "तू आल्यापासून लग्नात ऐकण्यासारखं काहीतरी असतं बाई." इतकी वर्षं मी काय म्हशी हाकत होतो काय? पण तोंड उघडायची सोय नव्हती, कारण मलाही तेच वाटत होतं.

श्रीरामपूरजवळच्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत लाईट गेली. जनरेटरवाला बेपत्ता. दोन गावांचं वऱ्हाड जमलेलं, गलका सुरू झाला. सुकन्यानं मेलेला माईक धनश्रीच्या हातात दिला, दोन पावलं पुढे आली आणि तशीच गायली. मांडवाच्या मागे जिलब्या तळणारा आचारी झारा हातात घेऊन कनातीतून डोकावला, आणि त्याचा घाणा करपला. करपलेल्या जिलब्या वऱ्हाडानं तक्रार न करता खाल्ल्या. मी साठीला आलोय, गाणारे पुष्कळ ऐकले, पण माणसाच्या छातीत एवढी जागा असते हे मला त्या दिवशी कळलं.

आणि एवढं सगळं बायडाबाईनं एकदाही ऐकलं नव्हतं. साधं गणित आहे. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू आणि दसरा झाला की ऊसतोड सुरू. पोरगी मांडवात तेव्हा आई उसाच्या फडात. उन्हाळ्यात फड उरकला की आई गावाकडे शेताच्या मशागतीला आणि पोरगी पुन्हा मांडवात. पावसाळ्यात दोघी घरी, पण तेव्हा लग्नं नाहीत. सुकन्यानं मोबाईलवर दाखवलं तर बायडाबाई म्हणाली, "त्या डबड्यात कोन बी गातं." घरात गाऊन दाखवलं तर भाकरी थापता थापता म्हणाली, "आवाज चांगला हाय गं. पन लग्नात कोन असतं फळीवर?" सुकन्या मला हे हसत हसत सांगायची. नंतर नंतर हसायची बंद झाली. आईला पटत नाही हे तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

मागच्या हिवाळ्यात गोरक्षनाथ फळीवरून पडला. पहाटेचं दव होतं, फळी निसरडी झालेली. डाव्या पायाचं हाड दोन जागी मोडलं. त्या दिवशी फळीखाली कुणीच गात नव्हतं. बायडाबाई पाणी आणायला गेली होती आणि सुकन्या संगमनेरला कुणाच्या तरी लग्नात सूर धरून उभी होती. आईनं तिला एका शब्दानं बोल लावला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं, कारण मग पोरीनं स्वतःच स्वतःला बोल लावून घेतला. पाय काही धड जुळला नाही. बाप घरी पडून, म्हणजे आई अर्धा कोयता. यंदा दसरा झाला तशी सुकन्यानं मोरपंखी साडी घडी घालून धनश्रीकडे दिली आणि आईच्या जोडीला कोयता घेऊन फडात उतरली. ऐन लग्नसराई तोंडावर आली होती.

तिघी रडत आमच्याकडे आल्या. मला भयंकर राग आला. तिच्यावर आला, बायडाबाईवर आला, कुणावर कुणावर आला सांगता येत नाही. टोळी पुणतांब्याच्याच शिवारात उतरली होती, म्हणून मी धोतर खोचून तडक कोपीवर गेलो. सुकन्या वाढ्यांची पेंढी बांधत बसली होती. हात चरचरून कापलेले, केसात उसाचं पाचट.

"हे काय चाललंय?" मी म्हणालो. "देवानं दिलेला गळा तू उसात घालवणार?"

"गळा कुटं जातोय, गुरुजी," ती म्हणाली. "हितं बी गातेच की. पन माईकपुढं हुबी राह्यले की मला फळी दिसती आन् तिच्यावर आमचा बा दिसतो. मग सूर लागत न्हाई. आई येकटी चढनार आन् खाली कोनी न्हाई, मला न्हाई जमायचं ते."

मी बायडाबाईकडे वळलो. काटकुळी बाई, चुलीपुढे बसलेली. म्हटलं, "बाई, तुम्ही तरी सांगा हिला. तुमच्या लेकीचं गाणं काय आहे हे तुम्हाला माहीत नाही. माणसं येडी होतात."

"व्हत असत्याल," ती शांतपणे म्हणाली. "मी न्हाई तिला आडवलं. पन तुमीच सांगा गुरुजी, तुमच्या लग्नात कोन असतं हो फळीवर? कोन पडनार असतं, ही गायची थांबली तर?"

इतके ग्रंथ वाचलेला मी. चहा पिऊन चडफडत घरी आलो, आणि सुचित्रावर उगाच खेकसलो.

पुढच्याच महिन्यात पुणतांब्याला आदिनाथ पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं. मांडव त्यांच्या मळ्यातच घातला होता. ग्रुप आधीपासून सांगितलेला, त्यामुळे तिघीच आल्या. त्याच दिवशी दुपारी कोपरगावला त्यांना दुसऱ्या लग्नात गायचं होतं. आणि योग असा, की मळ्याला लागून असलेल्या फडात त्याच सकाळी ऊसतोड आली. कारखान्याची पाळी आली की तिला लग्न बिग्न काही कळत नाही. मांडवाच्या उघड्या बाजूला, बांधापलीकडे, ट्रक उभा, त्याला फळी लावलेली. पाटलांनी मुकादमाला, वाल्मिकला, जरा थांबायला सांगून पाहिलं. त्यानं "कारखाना थांबतोय व्हय?" म्हणून उलट त्यांनाच विचारलं. मी स्टेजवरून पाहिलं, फळीखाली सुकन्या उभी होती. डोक्याला फडकं, मांडवाकडे पाठ.

नवरी कोवळी, सुकुमार पोर. आई वर्षापूर्वी वारलेली. मामानं तिला आणून उभी केली तेव्हाच तिचे हात थरथरत होते. मी अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. धनश्री बरी गात होती, पण तिची नजर सारखी बांधापलीकडे जात होती, आणि मला कळत होतं की ती आता ढेपाळणार. शेवटचं कडवं आलं. ‘सावधान’ला तिनं सूर वर नेला आणि तो फाटला. नुसता फाटला नाही, मधेच तुटला. धनश्रीनं तोंडावर हात घेतला. ऑर्गन थांबला, तबला थांबला.

मग वरपक्षाकडली कुणी बाई पुटपुटली, "अपशकुन झाला गं बाई." हे शब्द नवरीच्या कानावर पडले. मी अंतरपाटाच्या अलीकडून तिच्याकडे पाहिलं, तर पोरीचा चेहरा पांढराफटक पडलेला, हातातला हार लटपटतोय, आता कोसळते की मग कोसळते. मी म्हणावं का पुढचं? तोंड उघडलं, पण त्या उंचीचा सूर माझ्या आवाक्यातला नव्हता.

आणि बांधापलीकडून सूर आला.

धनश्रीनं जिथं सोडला होता बरोबर तिथून. माईक नाही, काही नाही. उसाच्या सळसळीतून, ट्रकच्या इंजिनावरून, अख्ख्या मांडवावरून तो सूर सरळ आला आणि आमच्यामधे येऊन उभा राहिला. सगळी माणसं एकदम त्या बाजूला वळली. सुकन्या मांडवाकडे तोंड करून उभी होती. पण एक हात मागे, फळीच्या खालच्या टोकावर. कारण फळीवर मधोमध, डोक्यावर मोळी घेऊन, बायडाबाई होती. तिच्यासाठी हलक्या आवाजात चाललेला सूरच पोरीनं न तोडता एवढा वर चढवला होता.

आता अंतरपाट टाकायचा कधी? सूर संपला की. आणि सूर संपणार कधी? बायडाबाई वर पोचली की. आणि ती बाई चढेचना. फळीवर थबकून ती मांडवाकडे बघत उभी. मी मनात म्हणतोय, चढ बाई, चढ, माझे हात गळून पडतील. ती बघतेच आहे. आम्हा सगळ्यांमधे तेवढी एकटीच उंचावर होती. अंतरपाटाच्या अलीकडचं आणि पलीकडचं, दोन्ही फक्त तिलाच दिसत होतं. थरथरणारी नवरी दिसत होती, आणि सूर आल्यावर त्या पोरीनं पहिल्यांदा पुरता श्वास घेतला तोही दिसला असणार. मी पाहिला. सुराबरोबर तिचे खांदे हळूहळू खाली आले, हार स्थिर झाला, डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच राहिलं.

मग बायडाबाईनं पाऊल उचललं. एक, मग दुसरं. अख्खं वऱ्हाड श्वास रोखून एका ऊसतोड बाईची पावलं बघत होतं. सुकन्याचा सूर कुठे हलला नाही, थकला नाही. एवढा वेळ माणूस सूर कसा धरतं, मला आजही समजत नाही. मी शास्त्र सांगणारा माणूस, पण त्या घटकेला समोर जे चाललं होतं त्यापुढे मला हात जोडावेसे वाटले, आणि हात तर अंतरपाटात अडकलेले. मोळी ट्रकात धप्पकन पडली. सूर अलगद खाली उतरला. मी अंतरपाट काढला. मुहूर्ताची वेळ काय होती ते मला विचारू नका. माझ्या मते मुहूर्त तेव्हाच लागला.

अक्षता पडल्या, ताशा कडाडला, फोटोवाल्यानं नवरा-नवरीचा ताबा घेतला. मी पायऱ्या उतरून बांधाकडे चालू लागलो. माझ्या आधी तिघी पोरी पळत पोचल्या होत्या आणि सुकन्याच्या गळ्यात पडल्या होत्या. बायडाबाई फळीवरून उतरून आली. पदरानं तोंड पुसलं. लेकीकडे बघत राहिली.

"लई येळ लावला मी, न्हाई?" ती म्हणाली.

"आई, तू हुबी का राह्यली मधीच?" सुकन्याचा आवाज आता कापत होता. "माझा जीव गेला ना."

"बघत हुते. ती नवरी पडनार हुती गं. तुझा सूर आला आन् सावरली." बायडाबाईनं बांधापलीकडे मांडवात पाहिलं. "मला वाटायचं लग्नात कोनी नसतं फळीवर. ती पोर तर निस्ती फळीवरच हुबी हाय. आन् खाली कोन, तर तू." तिनं लेकीच्या केसातलं पाचट काढलं. "जा तू. ह्या पोरींसंगं जा. तुझ्या बाचं पडनं तुझ्यामुळं न्हाई, दवामुळं हुतं. मी म्हनले न्हाई कवा, पन आता म्हनते."

"आन् कोयता?"

बायडाबाईनं कमरेचा मोबाईल काढला आणि तिथंच गोरक्षनाथाला फोन लावला. आम्ही सगळे ऐकत होतो. "उद्याच्या यष्टीनं या. व्हय, काठी घिऊन या. मोळ्या बांधायला पाय कशाला लागतो? घरी बसून निस्ते बाजंला भोकं पाडताय." पलीकडून काहीतरी कुरकूर झाली. "फळी मी चढंन. तुमी खाली बसून गा. येत न्हाई तर शिका." फोन बंद केला आणि वाल्मिककडे पाहिलं. त्या बाईपुढे बोलायची त्याची टाप नव्हती.

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, कोपरगावची वेळ टळत होती. धनश्रीनं पिशवीतून मोरपंखी साडी काढली. ती तिनं रोज बरोबर ठेवली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. सुकन्या टेम्पोकडे निघाली, आणि चार पावलांवर थांबली. मागे बायडाबाईनं दुसरी मोळी डोक्यावर घेतली होती. बाकीच्या बायका फडाच्या पार टोकाला. फळीखाली कुणी नव्हतं. सुकन्या टेम्पोकडे बघते, फळीकडे बघते, आणि पाय काही उचलेना.

मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे. रेशमी धोतर वर खोचलं, पाचटातून वाट काढली, आणि फळीच्या खालच्या टोकावर हात ठेवून उभा राहिलो. "तू जा," मी तिला म्हणालो. "मी धरतो."

"गुरुजी, तुमी?"

"का? मला गळा नाही? तू यायच्या आधी या पंचक्रोशीत मंगलाष्टकं कोण म्हणत होतं? जा, चालायला लाग."

बायडाबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मोळी सारखी केली आणि फळीवर पाय ठेवला. मला "हळू गं बया" काही येईना. मला येत होतं तेच मी लावलं, सुकन्याच्या चालीत, ‘सावधान’. फळी हलली तशी माझ्या हाताला कळली. वर ती बाई, तिचं अख्खं वजन, वर मोळीचं वजन, आणि खाली माझा म्हातारा सूर. आयुष्यभर हजारो लग्नांत मी हा शब्द म्हटला, पण म्हणताना इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. ही पोर हे दुसरीत असताना करत होती. श्वास संपला, तो चोरून घेतला. परत संपला, परत घेतला. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, पण मी मागे वळून पाहिलं नाही. मोळी पडल्याचा आवाज येईपर्यंत मी सूर सोडला नाही.

वरून बायडाबाई म्हणाली, "बरा हाय की आवाज. दम तेवढा कमी पडतो."

"दुसरी मोळी घ्या," मी म्हणालो, "बघू."